झाड लावून झाल्यावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दरवर्षी ५ जूनच्या आसपास आपल्या दैनिकात वृक्षारोपणाची छायाचित्रं येतात. एक रोप, त्याला धरलेले आठ-दहा हात आणि सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्याकडे. ती पाहिली की मला माझे आजोबा आठवतात. असल्या एकाही छायाचित्रात ते नव्हते, कारण त्यांचं काम ही मंडळी निघून गेल्यावर सुरू व्हायचं.

आजोबांनी स्वतः लावलेली झाडं मोजकीच असतील. दुसऱ्यांनी लावलेली आणि लावून विसरलेली झाडं जगवायची, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. खांद्याला पिशवी, तीत पक्कड, कात्री, सुतळी, खुरपं. हातात पाण्याचा कॅन. पुष्कळदा रोप काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट पुरलेलं असायचं. तशा रोपाची मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात आणि वर्षभरात झाड मान टाकतं. आजोबा ते हलक्या हाताने उकरायचे, पिशवी फाडून काढायचे, पुन्हा माती ओढून आळं करायचे. आळ्यात पालापाचोळा पसरायचा, पण खोडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर साल कुजते, हे आम्हा नातवंडांना तेव्हापासून पाठ आहे.

सर्वांत जास्त राग त्यांना तारेचा. रोपाला आधार म्हणून बांधलेली तार कुणी सोडवत नाही, खोड जाड होतं आणि तार सालीत रुतते. एकदा त्यांनी माझं बोट अशा एका खोडावरून फिरवलं. तारेच्या वरचा भाग फुगलेला, खालचा बारीक. पानांत तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातून मुळांकडे उतरतं, तारेने त्याची वाट अडवली की ते वरच साचतं आणि मुळं उपाशी राहतात, असं त्यांनी समजावलं. शाळेत हा धडा आला तेव्हा मला वेगळं काही वाचावं लागलं नाही. जाहिरातींचे खिळे उपटण्याचा कार्यक्रम रविवारी असे. त्यावरून दोन-तीनदा भांडणंही झाली आणि प्रत्येक वेळी आजोबांनी खिळा शांतपणे पिशवीत टाकला.

आजी याला ‘लष्कराच्या भाकऱ्या’ म्हणायची, पण कॅन भरून दाराशी तीच ठेवायची. ती अंथरुणाला खिळली तेव्हा आजोबांनी फेरी बंद केली. दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवायचं, पाठ पाहायची, अंथरुणाने जखमा होऊ द्यायच्या नाहीत, हे सगळं त्यांनी परिचारिकेकडून शिकून घेतलं. घरात आम्ही इतकी माणसं होतो, पण रात्रीची पाळी त्यांनी कुणाला दिली नाही. “झाडांना दुसरं कुणी पाणी घालेल,” एवढंच म्हणाले. आणि खरंच घातलं. आजोबा ज्यांचे अर्ज भरून द्यायचे, निवृत्तिवेतनासाठी ज्यांच्यासोबत रांगेत उभे राहायचे, त्यांच्या घरची मुलं बाटल्या घेऊन फिरू लागली. समाजसेवा हा शब्द आजोबांच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. माणसं मात्र त्यांनी अशी जोडून ठेवली होती.

आजोबांनी मरणोत्तर नेत्रदान करायचं ठरवलं होतं. त्याविषयी थोडं सविस्तर लिहिते, कारण त्यात ऐनवेळी घोळ होतो. नेत्रपेढीचा क्रमांक आजोबांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. ते गेले तेव्हा घरात एकच गोंधळ. कुणी म्हणालं, सगळे जमेपर्यंत थांबू. कुणी म्हणालं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, चष्माही होता, हे डोळे कसले चालणार? आत्याने कुणाचं न ऐकता फोन लावला. मोतीबिंदू डोळ्यातल्या भिंगाला होतो, दान होतं ते पुढच्या पारदर्शक पटलाचं, म्हणून दोन्ही अडचणी खोट्या होत्या. खरी अडचण वेळेची असते. पटल साधारण सहा तासांच्या आत काढावं लागतं. तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवायचा आणि डोकं उशीने थोडं उंच ठेवायचं. पथक आलं, अर्ध्या तासाच्या आत काम झालं, आणि चेहऱ्यात काही फरक दिसला नाही. बाहेरगावचे नातेवाईक नंतर पोहोचले, त्यांना सांगेपर्यंत कळलंही नाही.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. यंदा ज्या रोपांची छायाचित्रं छापाल, त्यांच्या जागा टिपून ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये त्याच जागी छायाचित्रकार पाठवा. रोप असेल तर तेही छापा, नसेल तर रिकामा खड्डा छापा. बहुतेक रोपांना पहिली दोन-तीन वर्षं, निदान उन्हाळ्यात, पाणी द्यावंच लागतं. त्यामुळे बातमीत प्रमुख पाहुण्यांच्या नावाबरोबर पाणी कोण घालणार त्याचंही नाव द्या. ते नाव सांगता येत नसेल, तर ती बातमी एक वर्ष थांबवली तरी काही बिघडणार नाही.

आपली,
एक नियमित वाचक