तीन शब्द खोडायला लावणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही. "सरकारी नोकरी आहे हो, नावबिव नको," असं तुम्हीच म्हणाला होतात. सरकारी रुग्णालयाचा तळमजला, ‘समाजसेवा अधीक्षक’ अशी पाटी आणि दारासमोर एका पायाने लंगडा बाक. एवढ्यावरून ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मी तुमच्याकडे माझ्यासाठी आलेच नव्हते. बाबांच्या ऑपरेशनसाठी जन आरोग्य योजनेचे कागद घेऊन आले होते. रेशनकार्डाची झेरॉक्स पुढे करताना माझा हात थरथरत होता. तुम्ही कागद बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "झोप लागते का?" मग सगळं त्या टेबलावर सांडलं.

सासूबाईंचं अंथरुणावरचं सगळं मी सहा वर्षं केलं. त्या गेल्या आणि माझी झोपच उडाली, म्हणून एका खाजगी मनोरुग्णालयात समुपदेशन सुरू केलं. तिसऱ्या वेळी, दार लावलेल्या खोलीत, मी पहिल्यांदाच म्हणाले की सासूबाई गेल्या तेव्हा मी सुटले. त्या दिवशी सोबतीला नणंद आली होती, बाहेर बसली होती. रात्री तिचा फोन. "वहिनी, आई गेली आणि तुम्ही सुटलात म्हणे."

"घरच्यांना कल्पना असावी" म्हणून समुपदेशकांनी तिला कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं.

मी विचारायला गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्हाला तसं वाटतंय. तिथले प्रमुख डॉक्टर मोठे सभ्य, चहासुद्धा विचारला. फाईल चाळत म्हणाले, या अवस्थेत असं वाटतं माणसाला. नवरा म्हणाला, तुला जरा जास्तच वाटतं. दाताच्या डॉक्टरने भलताच दात उपटला तर कोणी म्हणतं का, तुम्हाला तसं वाटतंय? इथे मात्र आपण औषध घेतो हाच आपल्याविरुद्धचा पुरावा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, कलम २३, अपवाद मोजके. तक्रारीचाही हक्क आहे, कलम २८. आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे जायचं, तिथे समाधान झालं नाही तर याच कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. हे तुम्ही एका पाठकोऱ्या कागदावर लिहून दिलंत. उपयोगी पडलंच. पण हे पत्र त्या कागदासाठी नाही.

तक्रार तुम्ही मलाच लिहायला लावलीत. मी लिहिलं, ‘मी खोलीत सांगितलेली गोष्ट माझ्या नणंदेला सांगितली गेली असं मला वाटतं.’ तुम्ही वाचलंत आणि ‘वाटतं’वर बोट ठेवलंत.

"वाटतं, की सांगितली?"

"सांगितली."

"मग खोडा."

माझा हात होईना. इतके दिवस सगळ्यांचं ऐकून माझ्याच वाक्यांना ती शेपटी फुटली होती. बाहेर रांग होती, शिपाई दोनदा डोकावून गेला. तुम्ही स्वतः खोडून मोकळ्या झाला असतात तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं. पण तुम्ही पेन माझ्याकडे सरकवलंत आणि हात टेबलाखाली घेऊन बसून राहिलात. ‘असं मला वाटतं’, तीन शब्द. मी खोडले, आणि कागद फाटेल इतक्या जोरात खोडले, तर तुम्ही हसलात. "आता कसं!"

त्या "आता कसं"साठी हे पत्र.

सासूबाई वॉर्डात होत्या तेव्हा तिथल्या एक मावशी त्यांना पुसण्याआधी ओला कपडा स्वतःच्या मनगटाला लावून बघायच्या, गार तर नाही ना. असं करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि न करण्याबद्दल कुणी रागावलंही नसतं. तुम्ही दोघी एकाच जातकुळीच्या. आमच्याकडे चांगुलपणा म्हटलं की लोकांना देणगी नि शाल-श्रीफळ आठवतं. मला ते मनगट आठवतं.

तक्रारीचं उत्तर आलं. ‘गैरसोयीबद्दल दिलगीर’ असं लिहिलंय. गैरसोय! पंखा बंद होता का? पण त्याखाली आहे की यापुढे रुग्णाला विचारल्याशिवाय नातेवाइकांशी बोलणार नाही. मंडळाकडे जायचं की नाही, ते अजून ठरवलेलं नाही. नणंद अजून तुटक बोलते. तिचीही आईच गेलीय, हे मला कळतं.

आता दुसरीकडे जाते, दर गुरुवारी, एकटी. तिथे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, सासूबाई गेल्या तेव्हा मी सुटले आणि त्यांची आठवणही येते.

बाबांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. टाके काढायला पुढच्या आठवड्यात यायचं आहे. तुमच्याकडे रांग असेल तर बाकावर बसते, लंगड्या बाजूला.

तुमची,
रेशनकार्डाची झेरॉक्स विसरून गेलेली