फेरिटिनची टेस्ट सरकारी दवाखान्यात का नाही?

संपादक साहेब,
माझ्या मुलीला थॅलेसेमिया मेजर (अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार) आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, त्याआधी सुई टोचून हिमोग्लोबिन, क्रॉसमॅच (दात्याचं रक्त जुळतं का ती तपासणी) आलंच. रक्त मोफत मिळतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सारखं रक्त चढवून अंगात लोह साठतं, हार्ट आणि लिव्हरवर येतं, म्हणून दर तीन महिन्यांनी फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) बघावं लागतं, १००० च्या वर टिकून राहिलं की लोह काढायच्या गोळ्या लागतातच, आणि नेमकी हीच टेस्ट इथल्या सरकारी दवाखान्यात होत नाही, बाहेरून करून आणा म्हणतात. म्हणजे पोरीला परत सुई. नस सापडत नाही, दोन-दोनदा टोचतात, आता ती रडत पण नाही, नुसता हात पुढे करते. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात थॅलेसेमिया आहे ना, मग त्याच सुईत फेरिटिनचंही रक्त घ्या, एवढंच मागणं आहे.
– एक आई, विदर्भ