बिल नाही, म्हणून बेकायदा?

महोदय,

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयात मी १४ वर्षे ग्रंथपाल आहे. देणगीतून मिळालेले चार जुने संगणक आमच्याकडे आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) ची सोय या यंत्रांत नाही. त्यातल्या दोन यंत्रांवर विंडोज दुकानदाराने परवान्याशिवाय फुकटात 'टाकून दिली' होती, हेही कबूल करते. कॉपीराइट कायद्याचे कलम ६३-ब वाचले आणि झोप उडाली. अशी नक्कल जाणूनबुजून वापरली तर ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. नफ्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकते, पण गुन्हा तो गुन्हाच.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला येणाऱ्या दोन मुलांना हाताशी धरून चारही यंत्रांवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक प्रणाली घातली. सोपे गेले असे म्हणणार नाही. ग्रंथयादी जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखीच दिसणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये होती, ती उघडली तर नुसती चिन्हांची रांगोळी. युनिकोडमध्ये बदलली तेव्हा ऱ्हस्व वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसल्या आणि रफार सरकले. सहा हजारांवर नोंदी आम्ही संध्याकाळी बसून, एकेक पुस्तक कपाटातून काढून तपासल्या. स्कॅनर अजूनही चालत नाही. पण यंत्रे झटकन सुरू होतात आणि या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत.

अडलो ते लेखापरीक्षणात. जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) 'ऑपरेटिंग सिस्टीम – लिनक्स, किंमत शून्य' अशी नोंद पाहून विचारणा झाली, "खरेदीचे बिल कुठे आहे? बिल नसेल तर परवाना कशावरून?" मी परवान्याची छापील प्रत पुढे ठेवली. लिनक्सचा गाभा जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो. प्रणाली नुसती चालवण्यावर कसलेही बंधन नाही, असे त्यात सुरुवातीलाच लिहिले आहे. प्रती काढून वाटताही येतात. बदल करून किंवा न करता दुसऱ्याला दिली तर मूळ संहिताही (सोर्स कोड) द्यावी लागते, आणि हमी मात्र कोणी देत नाही. हे सगळे वाचून दाखवले, तरी शेरा पडला: 'परवान्याचा पुरावा नाही.' ज्या वर्षांत खरोखर चोरीची प्रणाली होती, त्या वर्षांत असा एकही शेरा नव्हता. याचे मला फार वाईट वाटते.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्त स्रोत (मूळ संहिता सर्वांना खुली असलेले) सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे. केरळमधल्या सरकारी शाळा कित्येक वर्षे लिनक्सवर चालतात. आपल्याकडे पहिले पाऊल एका पानाच्या परिपत्रकानेही पडेल. मोफत प्रणालीसाठी बिलाऐवजी परवान्याची प्रत, आवृत्ती आणि ती घेतल्याची तारीख ग्राह्य धरावी, एवढे ग्रंथालय संचालनालयाने लेखी कळवावे. आमच्या शेऱ्याला मार्चपूर्वी उत्तर द्यायचे आहे. नाहीतर कार्यकारिणीतले काहीजण आताच म्हणू लागले आहेत, "बाई, ते जुनेच परत टाकून घ्या."

– एक ग्रंथपाल, ता. पाटण, जि. सातारा