शेवंतीला काळोख हवा

वाई,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

परवा फोनवर तू आईची चौकशी केलीस आणि मी नुसतं "बरी आहे" म्हणून फोन ठेवला. ते मनाला लागून राहिलं. आज निवांत लिहायला बसलोय.

आई खरंच बरी आहे. घट बसले त्या दिवशी न्हाणीघराच्या पायरीवर तिचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड चिरलं. प्लास्टर घातलंय, त्या पायावर भार द्यायचा नाही असं बजावलंय. पण तिला आत पडून राहणं सोसत नाही. सकाळचा चहा झाला की वॉकर धरून ओसरीवर येते, पाय स्टुलावर ठेवते आणि तिथून बागेचा कारभार बघते. वेदना असणारच, पण बोलून दाखवत नाही. तुझं नाव काढलं की मात्र चेहरा खुलतो.

मग एकामागून एक सुरूच झालं. परसातल्या आडावरच्या मोटारीचं वाइंडिंग जळालं, आणि रिवाइंडिंग करणारा गावी गेलेला. परतीच्या पावसाने एका रात्री माळ्यावरची कौलं सरकवली. वाफ्यातला झेंडू आडवा झाला, दसऱ्याच्या तोरणाला फुलं बाजारातून आणावी लागली. त्यात अंगणातल्या दिव्याचा स्विच जळाला. वायरमनने तात्पुरतं म्हणून दिवा थेट जोडून दिला, तो तसाच रात्रंदिवस चालू आहे. काढून टाकावा म्हटलं तर रात्री न्हाणीघराकडे जाताना आईला उजेड लागतोच.

आश्विनातलं काम मात्र थांबवता येत नाही, हे तुला शेतावर कळतंच. मातीत ओल आहे तोवर मेथी, मुळा, कोथिंबीर पेरून झाली पाहिजे. पाऊस हटला की ऊन असं भाजतं की कोवळी रोपं दुपारी माना टाकतात. मोटार नाही म्हणून रहाटाने पाणी ओढतो, सकाळी आणि उन्हं उतरल्यावर. वाफ्यांवर उसाचं पाचट पसरलंय, त्यामुळे ओल टिकते आणि निम्म्या बादल्यांत भागतं. खांदे भरून येतात, पण आडाचं पाणी थेट हाताने झाडाला घालण्यात मला फार समाधान आहे.

माळ्यावरचं सांगायचं राहिलं. आजीच्या पावट्याचं बियाणं तिथे मडक्यात होतं. तिच्याच पद्धतीने राखेत घोळून, तोंडाला फडकं बांधून, वरून शेणमातीने लिंपून ठेवलेलं. कौलं सरकली ती नेमकी त्यावर. मडकं फोडलं तेव्हा राखेचा चिखल झाला होता, बरेच दाणे फुगले होते आणि काहींना पांढरे कोंब आले होते. पोटात गोळा आला. हे बी विकत कुठे मिळायचं नाही. ओंजळीत घेऊन वास घेतला, आंबूस नव्हता. आई ओसरीवरून म्हणाली, "आता वाळवायला टाकू नकोस, कोंब मरतील. ऊन चढायच्या आत मातीत घाल." तसंच केलं. कुंपणालगत बोटाने खड्डे करून कोंब न मोडता एकेक दाणा ठेवला. तळाशी जे कोरडे राहिले होते ते वाळवून काचेच्या बरणीत भरले. गावठी पावटा दिवस लहान झाल्यावरच फुलतो, त्यामुळे उशिराच्या लावणीने वेल फार पसरला नाही तरी शेंग धरेल. आज बऱ्याच ठिकाणी दोन-दोन पानं वर आलीत!

गुलाबांची छाटणी उरकली. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या वर तिरका काप, आणि कापाला बुरशी लागू नये म्हणून वर बोर्डो पेस्ट. शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही वेगवेगळे भिजवून एकत्र, सगळं मिळून एक लिटर. प्लॅस्टिकच्याच बादलीत करायचं. मग त्यात घासलेलं लोखंडी पातं बुडवून बघायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. मी आणखी चुना घातला, पातं स्वच्छ निघालं, तेव्हाच ब्रश लावला.

आणि शेवंती. परसातल्या वाफ्याला कळ्या दिसू लागल्या, पण फाटकाजवळच्या रांगेत नुसता पाला. खत तेच, पाणी तेच. मी मावा आलाय का म्हणून पानं उलटून बघत बसलो. आईने संध्याकाळी ओसरीवर बसल्या बसल्या दिव्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "तिला काळोख हवा. तो मिळेना तर कळी कशी धरेल?" पटलं. रात्र मोठी होत गेली की शेवंती कळी धरते. मध्ये उजेड पडला की रात्र तुटते. फुलं लांबवायची असली की शेतकरी शेवंतीच्या मळ्यात मुद्दाम रात्री बल्ब लावतात. आमच्याकडे तेच न ठरवता झालं. आता दिवेलागणीला बांबूच्या चौकटीवर जुनी काळी ताडपत्री टाकतो आणि उजाडलं की काढतो. त्या रांगेला दिवाळीत फुलं येणार नाहीत. आई म्हणते मार्गशीर्षातल्या गुरुवारांना येतील, आणि तोवर ती आपल्या पायांनी जाऊन खुडेल. मला ते व्हायलाच हवंय.

काल कोजागरीचं दूध ओसरीवरच आटवलं. आईने तुझ्या लहानपणीच्या गोष्टी काढल्या, पुतण्यांना पाठ होईपर्यंत सांगितल्या.

आता तुझ्याकडे मागणं. भातकापणी आटोपली की वहिनींना आणि मुलांना घेऊन ये. येताना कडव्या वालाचं घरचं बी आण. आणि जमलं तर तुमच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचंही मूठभर. तुमच्या मातीतली गोडी इथे उतरेल की नाही ठाऊक नाही, पण एक वाफा करून बघायचाय. बरणीतले अर्धे पावटे तुझ्या नावाने वेगळे बांधलेत. एकाच घरात सगळं बी ठेवायचं नाही, हे मी आणि आईने पक्कं ठरवलंय. तुझ्या कुंपणाला लाव, आणि शेंगा वाळल्या की पुढच्या वर्षासाठी राखेत घालून ठेव.

कधी येतोस ते आधी कळव, म्हणजे वरची खोली झाडून ठेवतो. कौलं नीट बसवून घेतलीत.

तुझा,
वाईकर