रस्त्याकडच्या भिंतीविषयी आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर भिंतीचा विषय काढला की बाबा "पावसाळा होऊ दे, मग बघू" म्हणतात आणि आई, तू लगेच माझ्या जेवणाची चौकशी सुरू करतेस, म्हणून सविस्तर लिहिते आहे. रस्त्याकडची कुंपणाची भिंत उतरवून घ्यायचे मी ठरवले आहे आणि गवंड्याला आगाऊ पैसेही दिले आहेत. तुम्हाला राग येणे साहजिक आहे. पण हे तुमच्या संमतीपर्यंत थांबवण्यासारखे राहिलेले नाही.

इंजिनिअरने बाहेरच्या बाजूला माथ्यावरून ओळंबा सोडला, तेव्हा तो पायथ्याशी भिंतीपासून चांगला चार बोटे दूर लोंबत होता, म्हणजे भिंत तेवढी रस्त्याकडे कलली आहे. बाबा, यात तुमच्या बांधकामाची खोट नाही. तुम्ही भिंत कुंपणासाठी बांधली होती, माती अडवण्यासाठी नव्हे. पण आतला फुलांचा वाफा दरवर्षी उंच होत गेला, पाण्याला बाहेर पडायला भोके नाहीत, आणि भिजून जड झालेली माती भिंतीला सतत रस्त्याकडे रेटते आहे. त्यात त्या भांडणानंतर वर चढवलेले थर. (तो विषय मी उकरून काढत नाही, आई.) तिथल्या विटांच्या सांध्यांमधला माल तर नखाने खरवडला तरी भुसभुशीत होऊन गळतो.

सहा फूट उंच आणि नऊ इंच जाडीच्या विटांच्या भिंतीचा नुसता दहा फुटांचा तुकडा दोन टनांहून अधिक भरतो, आणि अशी भिंत बहुधा एकसंध आडवी होते. खालून जाणाऱ्याला बाजूला व्हायलाही वेळ मिळत नाही. जपानमध्ये १९७८ च्या मियागी भूकंपानंतर कुंपणाच्या भिंतींचे नियम कडक झाले, तरीही २०१८ च्या ओसाकाच्या भूकंपात शाळेची भिंत कोसळून नऊ वर्षांची एक विद्यार्थिनी दगावली. तिथे भूकंप होता, हे खरे. पण कलंडलेल्या भिंतीला जोराचा वारा आणि पाऊसही पुरतो.

"पडली तर आपला काय दोष?" असे बाबा म्हणाले होते. कायद्याचा सर्वसाधारण कल असा, की धोका माहीत होता किंवा नीट पाहिले असते तर कळला असता, तरी मालकाने काही केले नाही, तर वाटसरूच्या इजेची भरपाई त्याच्यावर येते, आणि हलगर्जी गंभीर असेल तर फौजदारीही होऊ शकते. "भिंतीपासून दूर राहा" अशी पाटी लावून त्यातून सुटका होत नाही, आणि देखभालीअभावी झालेल्या नुकसानीला विमा कंपन्याही अनेकदा हात वर करतात. आता तर इंजिनिअरचा लेखी अहवाल आपल्या हातात आहे. घर तुमच्या नावावर आहे, बाबा, आणि या वयात तुम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढाव्यात हे मला सहन होणार नाही. त्याहून, कोणाचे मूल आपल्या विटांखाली सापडले तर तुम्हाला पुन्हा कधी झोप लागणार नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

नवी भिंत कमरेइतकी असेल आणि वर जाळी, म्हणजे आईची वेल तिच्यावर चढेल आणि आडोसाही राहील. वाफा भिंतीपासून मागे घेतला जाईल. एकही रोप फेकायचे नाही, असे बजावून सांगितले आहे. बाबांची खुर्ची आहे तिथेच राहील. दुपारी तुमच्या झोपेच्या वेळी ठोकाठोक होणार नाही आणि धूळ बसावी म्हणून पाणी मारत राहतील. दादाचा पंजा उमटलेला गिलावा अखंड निघेल की नाही, हे गवंडी सांगू शकत नाही, पण प्रयत्न करणार आहे. ती भिंत नवी असताना शाळेतून आल्या आल्या झारी घेऊन तिला पाणी घालायला मी धावायचे, आणि बाबा, तुम्ही मागून "पायावर नको, भिंतीवर!" असे ओरडायचा, ते मी कशी विसरेन?

आता नीट ऐका. काम होईपर्यंत भिंतीलगतच्या वाफ्याला पाणी घालू नका. कपड्यांची दोरी आजच सोडा. बाबा, भिंत किती हलते ते हाताने ढकलून दाखवणे बंद. फाटकाबाहेर दोर बांधून लोकांना पलीकडून जायला सांगायचे काम शेजारचा मुलगा करेल. तुम्ही उन्हात उभे राहायचे नाही. गवंड्याशी हिशेब माझा आहे, घासाघीस करू नका. रक्तदाबाची गोळी चुकवू नका, आणि आई, गुडघ्यांवर जोर देऊन कुंड्या उचलशील तर मी खरेच रागावेन.

भिंत उतरवतील त्या दिवशी मी तिथे असेन. तोवर काही विचारायचे असेल तर गवंड्याला नको, मलाच फोन करा.

तुमची,
मनू