बचत गटाच्या हळदीला आधी लाईट पाहिजे, महागडा मोबाईल नंतर

मा. संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात बचत गटांच्या ऑनलाइन विक्रीबद्दल नेहमी येतं, वाचून बरं वाटतं, पण मालाचा फोटो कसा काढायचा यावर कोणीच बोलत नाही म्हणून लिहून राहिलो. मी समुद्रपूर तालुक्यातला, लग्न-बारशाचे फोटो काढतो. आमची वायगावची हळद अन् तिकडची भिवापूरची मिरची, दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पाहाल तर हळद मातीसारखी अन् मिरची काळपट. माल एक नंबर आहे हो, उजेड खराब आहे.

दिवसा दाराजवळच्या उजेडात फोटो मस्त येतो, पैसाही लागत नाही. पण वेचणीच्या दिवसात बाया दिवसभर वावरात असतात, फोटो निघतो रात्री भांडी घासून झाल्यावर, घरातल्या एका बल्बखाली. साध्या एलईडी बल्बचा सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरा दिसतो त्याचा शंभरापैकी आकडा, ८० च्या आसपास असतो, त्यात लाल रंग नीट उठत नाही, वरून हलका बल्ब असला की सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, डोळ्याला कळत नाही पण व्हिडिओत काळे पट्टे पळतात. अशा वेळी लोक म्हणतात नवा मोबाईल घ्या. कशाला?

फवारणीच्या पंपाची १२ व्होल्टची बॅटरी घरोघरी आहे. १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या, घेताना सीआरआय ९० च्या वरचा मागा, ती तेलाच्या डब्याच्या सरळ केलेल्या पत्र्यावर ओळीने चिकटवा. समोर लाकडी चौकट ठोकून पांढरं पातळ सुती कापड ताणून बसवा, पट्टीपासून वीतभर दूर, म्हणजे उजेड पसरतो. बॅटरीवर लुकलुक नाही, लाईन गेली तरी काम चालू. २४ वॅटची पट्टी २ ॲम्पिअर ओढते, ८ एएचची (ॲम्पिअर-तासाची) चांगली बॅटरी दोन-तीन तास आरामात चालते. हळदीच्या ताटलीला उजेड बाजूने द्यायचा, समोरून नाही, तेव्हा पुडीचा कण अन् कण दिसतो, अन् दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली मऊ होते. घरातला बल्ब मात्र बंद करा, दोन रंगांचा उजेड मिसळला की सगळं बिघडलं.

दोन गोष्टी हात जोडून सांगतो. बॅटरीच्या लाल वायरला ३ ॲम्पिअरचा फ्यूज लावाच, शॉर्ट झाली तर वायर पेटते. आणि पंपाच्या बॅटरीला औषध लागलेलं असतं. यवतमाळात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली ती आपण पाहिली, तेव्हा ती बॅटरी खाण्याच्या मालाजवळ आणूच नका, लांब वायर काढून दाराबाहेर ठेवा, हाताळली की साबणाने हात धुवा. जमलं तर वेगळीच घ्या.

बचत गटांसाठीच्या सरकारी ‘उमेद’ अभियानाच्या प्रशिक्षणात यासाठी अर्धा दिवस द्यावा, आयटीआयच्या वायरमनच्या पोरांकडून गावोगावी असे लाईट बनवून घ्यावे, पोरांचाही हात बसेल अन् बायांचंही काम होईल. तुमच्या पुरवणीत अर्धं पान मिळालं तर आकृती काढून मी पाठवतो, मोबदला नको.

आपला एक वाचक,
ता. समुद्रपूर, जि. वर्धा