खड्डा आपल्या खात्याचा नाही, दात तरी आहे ना?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर आरोग्य पथके आणि रुग्णवाहिका सज्ज असतील, असे यंदाही जाहीर झाले होते. त्याच भरवशावर चतुर्थीच्या आधीच्या शनिवारी आम्ही नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन ठाण्याहून गुहागरला निघालो. २०११ पासून रुंद होत असलेल्या या रस्त्यावर गाडी खड्ड्यात आदळली, तेव्हा मुलगी स्टीलच्या बाटलीतून पाणी पीत होती. वरचा पुढचा पक्का दात मुळासकट निखळला. रक्ताने माखलेला तो मला तिच्या फ्रॉकच्या घोळात सापडला. खड्डा आपल्या खात्याचा नाही, हे मी जाणते. दात मात्र आपल्याच खात्यात येतो.

वाटेतल्या एका पथकाच्या मंडपात क्षारसंजीवनीची पाकिटे होती, मलमे होती, पुढाऱ्यांच्या छायाचित्रांचा फलकही होता. तिथल्या भल्या मुलाने दात कापसात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि ग्रामीण रुग्णालयात जायला सांगितले. तिथे केसपेपर निघाला, धनुर्वाताचे इंजेक्शन मिळाले आणि दातांचे डॉक्टर आता सणानंतरच येतील, असे कळले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, त्यामुळे या उत्तराचे पैसे पडले नाहीत, एवढे कृतज्ञतेने नमूद करते.

चिपळूणच्या खासगी दवाखान्यात पोहोचेपर्यंत साडेतीन तास गेले होते. डॉक्टरीणबाईंनी कापूस उलगडला आणि विचारले, "दुधात का नाही ठेवलात?" निखळलेला पक्का दात मुळाला हात न लावता, वरच्या पांढऱ्या भागाला धरून, पटकन धुऊन खोबणीत परत बसवायचा असतो, ते जमले नाही तर थंड दुधात ठेवून अर्ध्या तासात, फार तर तासाभरात, दंतवैद्याकडे पोहोचायचे असते, कारण मुळावरच्या पेशी कोरड्या पडल्या की मरतात. (दुधाचा दात पडला तर तो मात्र परत बसवायचा नसतो.) पनवेलपासून तिथवर चहाच्या दोनशे टपऱ्या तरी असतील, महोदय, आणि एक तर त्या मंडपाला लागूनच होती. तिच्या फळीखाली दुधाच्या पिशव्यांचा क्रेट होता आणि मी हातात कापूस धरून त्याच्याकडे बघत उभी होते. रात्री डोळे मिटले की अजून तो क्रेट दिसतो.

दात तारेने बांधून बसवला आहे, पण तो बहुधा टिकणार नाही. त्याचे मूळ हळूहळू झिजत जाईल, आणि जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठराव्या वर्षापर्यंत, इम्प्लांटही बसवता येणार नाही. नऊ वर्षे! तेवढ्यात एखादी निवडणूक होईल, दुसरी तोंडावर येईल, कदाचित रस्ताही होईल.

मागणे फार नाही. पथकाला ही चार ओळींची माहिती आणि दुधाची एक पिशवी द्यावी, १०८ वर फोन उचलणाऱ्यालाही ती ठाऊक असावी, आणि सणाच्या दिवसांत महामार्गावर एक तरी दंतशल्यचिकित्सक हजर असावा. पण ज्या कारभारात मंडप आधी उभा राहतो, फलक लगेच लागतो आणि डॉक्टर मात्र सुट्टीवर असतो, तिथे दात हा शरीराचा अवयव धरला जातो की नाही, याचीच शंका येते.

केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर 'दंतविभागास दाखवणे' असा शेरा आहे. तो विभाग कोणत्या गावी असतो, तेवढे कळवावे.

एक आई, ठाणे